उन्हाळ्यात मराठवाड्याच्या आडवाटांवर सायकल: वेळ, पाणी, काटे आणि मधेच होणारे घोटाळे

सकाळी सात वाजता झालेलं पंक्चर म्हणजे लिंबाच्या सावलीत वीस मिनिटांचं काम. तेच पंक्चर अकरा वाजता, बाटलीत दोन घोट उरलेले असताना, पुढचं गाव सहा किलोमीटरवर असताना झालं, तर ते जिवावरचं दुखणं होतं. काटा दोन्ही वेळा तोच असतो. म्हणून उन्हाळी सायकलीची तयारी घड्याळापासून सुरू करा, पाना-पंप त्याच्या नंतर.

घड्याळ

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पण पहाटेची हवा चांगली असते. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. सव्वापाचला झुंजूमुंजू होतं तेव्हा घर सोडा. पुढे-मागे दिवे लावा. त्या वेळी दूधवाले आणि लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या रस्त्यावर असतात, आणि वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर बहुतेक वेळा रात्रभर जागा असतो. नऊला सावलीत किंवा घरी, साडेनऊ ही शेवटची हद्द. दिवसभराची सहल असेल तर दहा ते साडेचार हा वेळ मंदिराच्या सभामंडपात, शाळेच्या ओसरीवर किंवा मळ्यात काढा आणि पाच ते सात परत सायकल चालवा.

रमतगमत चालवणाऱ्याचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर पडतो. चहा, फोटो, रस्ता विचारणं धरलं की तासाला १० च हिशोबात धरा. म्हणजे सकाळच्या पारीत ३० किलोमीटर, आणि एक तास पंक्चरसाठी राखीव. या राखीव तासाला हात लावायचा नाही.

दिशेचाही हिशोब आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून वाहतो. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पश्चिमेकडे जा, संध्याकाळी पूर्वेकडे परता. परतीला वारा पाठीवर येतो, आणि दोन्ही वेळा ऊन तुमच्या पाठीशी राहतं. मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत सूर्य जात नाही, त्यामुळे त्याला तुम्ही स्पष्ट दिसता. समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपलेले असतात; त्याच्यासाठी रस्त्याची कड धरून ठेवा.

वाट कशी निवडायची

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघायची सवय लावा. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग. आपल्याला हवा तो नारिंगी डोक्याचा, ग्रामसडक योजनेतला रस्ता. तो बहुधा एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन संपतो, त्यामुळे त्यावर लांबची वाहतूक नसते.

कालव्याच्या कडेचा रस्ता हा मराठवाड्याचा खास ठेवा आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा पैठणहून जालना-परभणीकडे २०८ किलोमीटर जातो, उजवा बीड जिल्ह्याकडे १३२ किलोमीटर. कालवा उताराने वाहतो पण तो उतार इतका मंद असतो की सायकलीला सपाटच वाटतो. मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस-मोसंबी, पाणकावळे, खंड्या. दोन गोष्टी सांभाळा. सावली तुटक असते, आणि रस्ता मधेच फुटलेला असू शकतो, म्हणून दर चार-पाच किलोमीटरवरच्या पुलांची गावं आधी लिहून घ्या. बाहेर पडायची वाट तिथेच असते. उन्हाळी आवर्तन सुटलेलं असताना कालवा तुडुंब वाहतो. अस्तर केलेली बाजू शेवाळलेली असते आणि पाय घसरला की धरायला काही नसतं. तोंड धुवायलाही उतरू नका.

मोबाईलचा नकाशा पाणंद, गाडीवाट आणि डांबरी रस्ता यांत फरक करत नाही. कोरड्या दिवसांत पाणंदीवर मजा येते, पण उन्हाळ्यात काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग वाटेच्या दिशेने असली की पुढचं चाक अलगद तिच्यात बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. भेग आणि बैलगाडीची चाकोरी नेहमी आडवी, शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. चाकोरीत शिरलाच असाल तर तिरकं बाहेर यायची घाई करू नका. थांबा, सायकल उचलून बाहेर घ्या. पाणंदीवर अंतर विचारताना "किती लांब" विचारून उपयोग नाही, उत्तर "हे काय इथंच" येतं. "चालत किती वेळ लागतो" विचारा. अर्धा तास म्हणजे अडीच किलोमीटर धरायला हरकत नाही.

सायकल आणि पिशवी

महागडी सायकल लागत नाही. घरची काळी सायकल, २८ × १½ टायरची, या रस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरलेली आहे. तिचा मोठा फायदा असा की तिचे सुटे भाग तालुक्याला कुठेही मिळतात. गिअरच्या सायकलीला ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्या.

हवा किती? ६५-७० किलोच्या माणसाला २६ × १.९५ टायरमध्ये मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३५ ते ३८ मिलिमीटरच्या ७०० सी टायरमध्ये मागे ६० ते ६५ आणि पुढे पाच कमी, काळ्या सायकलीला ४५ ते ५०. "उन्हाने टायर फुटतं म्हणून हवा निम्मी ठेवा" असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. सकाळी २५ अंशांना ६० पीएसआय भरलेलं टायर तापून ६० अंशांवर गेलं तरी आतला दाब साधारण ६९ होतो, आणि चांगलं टायर एवढं सहज सोसतं. उन्हात फुटतं ते टायर आधीच कडेला तडकलेलं असतं, किंवा ट्यूब रिममध्ये चिमटलेली असते. हवा कमी ठेवली तर उलट दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा घेते. निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने वाकवून कडेच्या तडा बघा. आतले धागे दिसत असतील तर ते टायर बदलाच.

पिशवीत एवढं हवंच: एक नवी ट्यूब, सहा पॅच, सोल्युशनची न फोडलेली नळी, खरखरीत पॉलिश पेपर, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४-५-६ मिलिमीटरच्या अॅलन की, एक्सलच्या नटाला बसणारा पाना (बहुतेक सायकलींना १५ चा, पण घरी लावून खात्री करा), चिमटा, जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा, दोन हात सुतळी. गिअरच्या सायकलीला चेन टूल आणि चेनला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी). काळ्या सायकलीला वालट्यूबचे चार तुकडे. व्हॉल्वच्या आतली ही रबरी नळी उन्हाने चिकट होऊन फाटते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. व्हॉल्वच्या तोंडावर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर दोष वालट्यूबचा.

नवी ट्यूब घेऊनच निघायचं, याला कारण आहे. खेड्यातल्या दुकानात २६ आणि २८ इंची ट्यूब मिळते, ७०० सी किंवा २९ इंची सहसा नाही. अडचणीत २९ च्या चाकाला २६ ची ट्यूब ताणून बसते, ७०० सी ला २८ × १½ चीही बसते, पण तुमच्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्वचं असेल तर जाड व्हॉल्व त्यात शिरतच नाही. प्रेस्टावाल्यांनी पितळी अॅडॅप्टर सोबत ठेवावा. त्याशिवाय मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येत नाही. तिथला कॉम्प्रेसर वापरताना टिचकीभर हवा, मग अंगठ्याने दाबून बघणं, मग पुन्हा टिचकीभर, असंच करा. सायकलचं टायर त्यावर दोन-तीन सेकंदांत फुटू शकतं.

पंक्चर, नीट सावकाश

वेडी बाभूळ, गावठी बाभूळ आणि सराटा, हे आपले तीन वैरी. बाभळीच्या फांद्या शेताच्या कुंपणाला ओढून नेताना काटे रस्त्यावर सांडतात, म्हणून शेताच्या फाट्यापाशी आणि बांधाच्या कडेला सायकल मधून चालवा. पऱ्हाटी-तुराटी कापलेल्या रानातून तर ढकलतही नेऊ नका. तिरके कापलेले खुंट टायर कडेने फाडतात, आणि ते भोक पॅचने भरत नाही.

हवा जातेय असं वाटलं की लगेच थांबा. रिकाम्या टायरवर शंभर पावलं चाललात तर ट्यूब सुरकुतून दहा ठिकाणी कापते. काटा दिसला तरी उपटू नका, आधी त्या जागेवर खडूने किंवा मातीने खूण करा. मग सावली गाठा. तापलेल्या ट्यूबवर सोल्युशन पसरण्याआधीच सुकतं आणि पॅच कडेने उलतो.

सायकल उलटी करा. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा. उरलेली हवा काढा आणि टायरच्या दोन्ही कडा चाकभर दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. एवढं केलं की टायर सैल पडतं आणि लिव्हरला जोर लावावा लागत नाही. लिव्हर व्हॉल्वच्या समोरच्या बाजूला घाला. एकच बाजू उतरवा. ट्यूब काढताना व्हॉल्व सगळ्यात शेवटी.

ट्यूबमध्ये दुप्पट फुगेल इतकी हवा भरा आणि ती गालाजवळून, ओठांजवळून फिरवा. बारीक गळती कानापेक्षा ओलसर ओठाला आधी कळते. भोक सापडलं म्हणून थांबू नका. वेड्या बाभळीचा काटा आत मोडतो आणि चाक फिरतं तसा दोन-तीन ठिकाणी टोचतो. पूर्ण फेरी करा. भोक कुठे आहे तेही बरंच सांगून जातं: बाहेरच्या बाजूला असेल तर काटा, आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर आऱ्याचं टोक वर आलंय किंवा रिमची पट्टी सरकलीय, शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर रिमने चिमटा घेतलाय, म्हणजे हवा कमी होती.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. ट्यूब टायरवर व्हॉल्व जुळवून ठेवा, भोकासमोरची टायरमधली जागा शोधा आणि आतून फडकं फिरवा. उघडी बोटं फिरवू नका. फडकं अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते चिमट्याने आतूनच ओढून काढा. बाहेरून खुपसून काढायला गेलात तर टोक रबरात रुतून बसतं आणि पाच किलोमीटरवर तेच पंक्चर पुन्हा होतं. दुसऱ्यांदा झालेली बहुतेक पंक्चरं म्हणजे नवा काटा नसून पहिल्याचंच उरलेलं टोक असतं.

पॅचपेक्षा थोडा मोठा भाग पॉलिश पेपरने घासा, चकाकी जाऊन काळपट व्हायला हवी. ट्यूबच्या जोडाची रेघ मधे येत असेल तर ती सपाट होईपर्यंत घासा. सोल्युशन पातळ, एकसारखं पसरा. त्याची चमक जाईपर्यंत थांबा. हिवाळ्यात पाच मिनिटं लागतात, मे महिन्यात दोन-तीन. बोटाला ओलं लागलं तर अजून वेळ आहे. पॅच मधोमध ठेवून आतून कडेकडे दाबत न्या, मिनिटभर दाबून धरा. नुसते चिकटपट्टीसारखे पॅच थंडीत चालतात, तापलेल्या टायरमध्ये सुटतात. उन्हाळ्यात त्यांच्या भरवशावर राहू नका.

बसवताना ट्यूबला नळीचा आकार येईल एवढीच हवा घाला. आधी व्हॉल्व, मग ट्यूब, मग टायरची कड व्हॉल्वच्या समोरून सुरू करून शेवटी व्हॉल्वपाशी आणा. शेवटची वीत हाताने चढवा, लिव्हरने चढवलीत तर नवं भोक पाडून बसाल. व्हॉल्व एकदा आत दाबून बाहेर ओढा आणि चाकभर टायर बाजूला करून ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघा. मगच पूर्ण हवा.

वारंवार काट्यांच्या भागात फिरणाऱ्यांनी जुनी ट्यूब लांबीत कापून टायर आणि ट्यूबच्या मधे अस्तरासारखी घालावी. सायकल थोडी जड चालते, पण सराटा आतपर्यंत पोचत नाही. सीलंट, म्हणजे ट्यूबमध्ये घालायचं भोक बुजवणारं द्रव, हेही चांगलं, मात्र आपल्या उन्हात ते लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी बघून भर घाला.

बाकीचे बिघाड

टायर चिरलं आणि ट्यूब बाहेर फुगायला लागली तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावा; सायकलवाले याला गेटर म्हणतात. तुकडा नसेल तर दुधाची पिशवी चार घड्या करून. हवा निम्मी ठेवा आणि गावापर्यंत हळू चला.

आरा तुटला तर तो शेजारच्या आऱ्याला गुंडाळा, म्हणजे चेनमध्ये अडकणार नाही. चाक डुलत ब्रेकला घासत असेल तर तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे, पण हबच्या समोरच्या फ्लँजवरून (आरे अडकतात त्या चकतीवरून) आलेले दोन आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा. चाकाचा पूर्ण आऊट, म्हणजे डुलणं, दुकानात काढून घ्या.

चेनला इंजिन ऑइल घालू नका. धूळ धरून त्याची दळणाच्या जात्यासारखी लुगदी होते आणि चक्राचे दाते झिजतात. पातळ कोरडं ल्यूब, दर १०० किलोमीटरला, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. एकेरी चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी, उलटी बसवली तर लॉक निसटतं. पडल्यावर मागच्या गिअरचा हात वाकून आऱ्यात जायला लागला तर तो हाताने सरळ करायच्या भानगडीत न पडता चेन तोडा, गिअर वगळून एकाच चक्रावर तोकडी करून जोडा, घरी या.

काळ्या सायकलीचा पायडल दर फेऱ्याला "टक" करत असेल तर कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धुरीवर धरणारी खीळ) सैल आहे. नट आवळा, दगडाने ठोकत बसू नका. आणि डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, हे घाईत विसरलं की क्रँकचे आटे कायमचे जातात.

पाणी आणि ऊन

आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या की समजा बरंच पाणी गेलंय. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागण्याआधी, घोट-घोट. तीन तासांच्या सहलीला तीन लिटर घेऊन निघा. बाटलीला जुना मोजा चढवून तो ओला ठेवा. कोरड्या हवेमुळे माठासारखं पाणी गार राहतं. हेल्मेटखाली ओला पंचा हाही त्याच तत्त्वाचा उपाय.

पाणी घरून न्यायचं आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यात अनेक गावांत टँकर येतो. घरातली माऊली तांब्या नक्की पुढे करेल, नाही म्हणणार नाही. पण तो तांब्या प्यायला घ्या, डोक्यावर ओतायला नको. रस्त्यावरच्या पाणपोईच्या रांजणालाही हाच नियम.

नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन डोकं जड होतं, मळमळतं. दर दुसरी बाटली जलसंजीवनीची ठेवा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. विकतची पुडी किती पाण्यासाठी आहे ते वाचूनच मिसळा. लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत ओतू नका. मीठ घातलेलं ताक, पन्हं, भाकरी-ठेचा सगळं चालतं. खिशातला कांदा उष्माघात थांबवत नाही, भाकरीबरोबर खाल्लेला बरा.

पायात गोळे येणं, चक्कर, अंगावर काटा येऊन थंडी वाजल्यासारखं वाटणं ही थांबायची खूण. सावली, पाय उंच, जलसंजीवनी, आणि त्या दिवशी पुढे सायकल नाही. सोबती असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला आणि अंग भाजत असेल, तर हा उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी यायची वाट न बघता अंग गार करायला लागा: कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या करून वारा घाला, जवळ पाण्याची मोटार किंवा हौद असेल तर सरळ पाणी ओता. शुद्ध हरपत असलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं.

वळीव, वीज, कुत्री

मे महिन्यात दुपारी चारनंतर ढग चढले आणि वारा एकदम थंड झाला की पुढे जाऊ नका. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती आपल्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. बांधावरचं एकुलतं लिंबाचं झाड ही त्या वेळी सगळ्यात वाईट जागा. रबरी टायर विजेपासून वाचवत नाही.

पावसानंतर काळ्या मातीची वाट घेऊ नका. दहा-पंधरा फेऱ्यांत चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा घट्ट बसतो की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. जोर लावाल तर मडगार्डच्या काड्या वाकतात. काडीने चिखल काढा, सायकल खांद्यावर घ्या आणि मुरमाचा रस्ता गाठा.

वस्तीवरची कुत्री पळणाऱ्या चाकाच्या मागे लागतात. उतरा, सायकल मधे ठेवा, नजर न रोखता चालत पुढे जा. बहुतेक कुत्री तिथेच सोडून देतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही भरू नका आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. वडा-पिंपळावर आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्या सावलीत बसू नका, विडी-चूल तर नाहीच.

सायकल रस्त्यावर दुरुस्त होणार नाही असं ठरलं की उशीर करू नका, छोटा हत्ती किंवा रिकामा ट्रॅक्टर थांबवा. चेनची बाजू वर करून आडवी ठेवा, पायडल आत वळवून सुतळीने फ्रेमला बांधा आणि मधे गोणपाट घाला. ट्रॉलीतल्या पत्र्यावर घासून गिअरची केबल तुटते ती बांधाबांध न केल्यामुळेच. दिलेलं भाडं चालकाने नको म्हटलं तरी डिझेलचे पैसे हातात ठेवा.